कॉम्प्युटरची वाटणी

कॉम्प्युटरची रीतसर वाटणी करून देणारा परभणी जिल्ह्यातला पहिला माणूस मी. माझ्या आधी कुणी केली असेल तर त्या गृहस्थाने खुशाल पूर्णेला यावं, स्टेशनसमोर चहा पाजीन. भांडायला नाही बोलावत. या धंद्यातलं चार शब्द बोलायला उभ्या आयुष्यात मला गावात माणूस मिळाला नाही, म्हणून बोलावतो.

आज माझ्या मधल्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे, कुठल्याशा ऑफिसनं भंगारात काढलेला. त्या एका डब्यात मी अनेक मशिनी चालवतो. एकीवर भाचीच्या दवाखान्याचं काम, एकीवर गावातल्या पतसंस्थेचं, बाकीच्या उगीच माझ्या हौसेच्या. पुण्याची पोरं याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. घरात मांडलं की होम लॅब, आणि आपला माल परक्याच्या गोदामात न टाकता आपल्याच घरी ठेवला की प्रायव्हेट क्लाउड. नावं छान आहेत. आम्ही केलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, त्याला 'परभाकरच्या घरचा डबा' म्हणत.

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगतो. पंगतीत चपळ वाढपी असला की प्रत्येकाला वाटतं, हा माझ्याच पानावर उभा आहे. याला भाजी, त्याला वरण, परत याला पोळी, आणि कुणाचं पान रिकामं दिसत नाही. कॉम्प्युटर तेच करतो. क्षणभर याचं काम, क्षणभर त्याचं. समोर बसलेल्याला वाटतं, मशीन माझं एकट्याचं. फक्त एखादा खादाड गडी पंगतीला बसला, की बाकीच्यांना वाट पाहावी लागते. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

माझे वडील रेल्वेत गार्ड. मी औरंगाबादला शिकत असताना विद्यापीठाच्या नामांतराचा पहिला भडका उडाला. खेड्याखेड्यांत दलितांची घरं जाळली, माणसं उघड्यावर आली, आणि माझ्या वर्गातली शिकली-सवरलेली पोरं काय काय बोलत होती ते या कानांनी ऐकलं. मन उडालं. डिग्री घेतली आणि हैदराबादला एका कॉम्प्युटर कंपनीत लागलो. पुढं वडील आजारी पडले म्हणून परत आलो. वडील गेले, मी राहिलो. लग्न जमता जमता राहून गेलं. बहीण म्हणायची, 'दादा, तू त्या डब्याशीच लग्न लाव.' तिला सांगितलं, डब्यालाही विचारून बघ.

तर वाटणी.

ताडकळसचे किशनराव आणि बापूराव हे सख्खे भाऊ. शेती गावाकडं आणि आडत दुकान पूर्णेच्या मोंढ्यात. किशनराव थोरले, माझ्या वडिलांचे दोस्त, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. बापूराव त्यांच्याहून खूपच धाकटे. आई लवकर गेली, तेव्हा या पोराला किशनकाकांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. काकांना मुलगा नव्हता, दोन्ही मुली नांदून सुखी. बापूच त्यांचा मुलगा म्हणा ना. दोघांनी मिळून माझ्याच सल्ल्यानं मशीन घेतलं. शेतकऱ्यानं ज्वारी, तूर, करडई आणली की वजन, भाव, हमाली लावून जी हिशोबाची चिठ्ठी देतात, तिला आडतीत पट्टी म्हणतात. पूर्णेच्या मोंढ्यात छापील पट्टी देणारं पहिलं दुकान त्यांचं. शेतकरी ती पट्टी घडी न घालता टोपीत ठेवून घरी न्यायचे.

आणि मग फाटलं. कशावरून, ते दोघांनीही मला सांगितलं, दोघांनी वेगळं सांगितलं, आणि दोन्ही ऐकून वाटलं की एवढ्यावरून घर मोडत नाही. पण मोडलं. ताडकळसला पंच बसले. जमीन, बैलं, भांडीकुंडी, सगळ्याचे दोन वाटे झाले. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. मग थोरला आपोआप बराबर वाटे करतो. सगळं सुरळीत झालं आणि शेवटी मशीन राहिलं. मला बोलावणं आलं.

'विहीर कशी वाटतो आपण?' एक म्हातारे पंच म्हणाले. 'पाळीनं. चार दिस याचे, चार दिस त्याचे.'

'मोंढा पाळीनं चालत न्हाई, तात्या,' किशनकाका म्हणाले. 'गाडी दारात आली की त्याच येळंला पट्टी लागती.'

विकायला दोघंही तयार नव्हते. तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं नसलेली चीज ती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, 'एका मशीनचे दोन करता येतील. दोघांनी आपापल्या दुकानात बसायचं. एकाचं दुसऱ्याला दिसणार नाही.'

पंच माझ्याकडं असे बघायला लागले, जसा मी टोपीतून ससा काढणार आहे. बापूराव तेवढे धंदेवाईक. त्यांनी विचारलं, 'जमिनीचे कितीबी सारखे वाटे करा साहेब, एका तुकड्यात मुरूम निघतोच. यातला मुरूम कोणत्या बाजूला हाय तेवढं सांगा.'

मुरूम नाही म्हणून शपथ घ्यावी लागली. मग काका म्हणाले, 'परभाकरनं केलेले वाटे मी केले समजा. बापूला उचलू द्या.' बापूरावांनी दुसरा वाटा उचलला. का, ते त्यांनाच ठाऊक. दोघं त्या दिवशी एकमेकांशी बोलले नाहीत, नंतरही नाहीत.

आता मशीन ठेवायचं कुणाकडं? याच्याकडं ठेवलं तर तो फिरवील, त्याच्याकडं ठेवलं तर हा. बापूरावांनी नवं दुकान घेतलं ते आमच्या पुढच्या गल्लीत, काकांचं जुनं दुकान मागच्या गल्लीत, आणि मधोमध माझं घर. मशीन माझ्याकडं आलं. दोन वायरी माझ्या गच्चीवरून निघाल्या, एक पुढं, एक मागं, पत्र्यांवरून, लिंबाच्या फांदीतून, थेट दोघांच्या दुकानातल्या हिरव्या पडद्यांपर्यंत. मशीनच्या आत भिंत मी घातली. अशी घातली की इकडची मुंगी तिकडं जाणार नाही. कामाचा अभिमान म्हणाल तर तेवढ्या भिंतीचा आहे. नंतर तिच्याकडं बघून वाईटही तेवढंच वाटलं.

दोघंही अधूनमधून घरी येऊन विचारायचे, 'यातलं माझं कोणतं?' पहिल्यांदा मी तबकडी काय, तिचे भाग काय, सगळं समजावलं. ऐकून घेऊन काका म्हणाले, 'ते ठीक हाय रे, पण माझं कोणतं?' मी हात टेकले आणि डबा दाखवून म्हणालो, 'डावीकडचं तुमचं, उजवीकडचं त्यांचं.' समाधान झालं. झक मारली आणि सांगितलं, कारण दिवाळी तोंडावर होती.

लक्ष्मीपूजनाला आडतीत वह्यांची पूजा होते. पण वह्या आता होत्या कुठं? माझ्या घरी, डब्यात. मुहूर्त दोघांचा एकच. पुढच्या दारानं बापूराव सहकुटुंब, मागच्या दारानं काका आणि काकू. दोन्ही बाजूंना पाट, दोन समया, झेंडूचे दोन हार. काकांनी डाव्या अंगाला हळदकुंकू लावलं, बापूरावांनी उजव्या. बरोब्बर मधोमध बोटभर पट्टा कोरा सोडला, दोघांनीही. मी उदबत्त्यांच्या धुराकडं बघत मनात म्हणत होतो, देवा, आत नको जाऊ देऊ.

तेवढ्यात बापूरावांनी नारळ उचलला.

'अहो इथं नाही!' मी ओरडलो. 'पाणी गेलं तर दोघांचंही जाईल!'

तिकडून काका भिंतीला सांगावं तसं म्हणाले, 'त्येला लहानपणापासून कळंच न्हाई, नारळ कुठं फोडावा.' इकडं बापूराव हसले. अगदी नकळत हसले, आणि लगेच तोंड फिरवलं. नारळ अंगणात फुटला, पण अर्धं खोबरं कुणी कुणाला दिलं नाही. ते मला मिळालं, दोन्हीकडून.

सगळी गेल्यावर मी त्या खोलीत बसून राहिलो. वडील गेल्यापासून माझ्या घरी दिवाळीला माणसं आली ती मशीनमुळं. बायकांचा आवाज, पोरांची पळापळ, कुणीतरी सांडलेला गुलाल. खोली झाडायला मला जिवावर आलं होतं.

धंदा चालू झाला तशा तक्रारी चालू झाल्या. मोठी बेरीज लावली की मशीन त्यात गुंततं आणि दुसऱ्याची पट्टी रेंगाळते. खादाड गडी म्हणालो होतो, तो हा. काका यायचे. 'परभाकर, त्यो मुद्दाम करायलाय. मी पट्टी काढाया बसलो की ह्याची बेरीज सुरू. माझा शेतकरी ताटकळायलाय दारात.' ते गेले की बापूराव. 'साहेब, तिकडून काय दळण लावलंय का? लय हळू हाय आज.'

मी दोघांच्या वेळा बांधून देऊ शकत होतो. तसं सांगितलंही. दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला ते तेव्हा उमगलं नाही. उमगलं ते बापूरावांच्या एका प्रश्नावरून. एकदा दुपारी आले, टेकले, पाणी प्याले, आणि वायरीकडं बघत म्हणाले, 'आज मशीन लय पळायलंय.'

'मग चांगलं की.'

'न्हाई म्हटलं, ती बाजू बंद हाय का?'

'काका बोरीला गेलेत. काकूंच्या माहेरी काही कार्य आहे.'

'तब्येत ठीक हाय नव्हं?'

'ठीक आहे.'

'मंग हरकत न्हाई,' म्हणाले आणि उठले. त्याच आठवड्यात काका आले. बापूराव कुठंतरी लग्नाला गेले होते. 'काय रे, आज तिकडचं दळण बंद? पोरंबाळं बरी हायेत ना?'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या दोघांना एकमेकांची खबर मिळायची ती एवढीच. मशीन हळू चाललं की भाऊ तिकडं बसलाय. हळू चाललंय म्हणून ते माझ्याकडं कुरकुरायचे, पण हळू चालत होतं म्हणूनच निवांत असायचे. आत काय आहे ते मी कधीच इकडचं तिकडं केलं नाही, त्या बाबतीत माझं इमान पक्कं. पण कोण बसलंय आणि कोण नाही, एवढं सांगणं म्हणजे चुगली नव्हे, असं मी ठरवून टाकलं. दोन-तीनदा म्हणूनही बघितलं, 'काका, एकदा समोरासमोर बोला ना.' ते म्हणाले, 'त्येनं यावं. धाकटा हाय.' बापूराव म्हणाले, 'त्येंनी हाक मारावी. थोरले हायेत.' झालं. दोघांचंही बरोबर.

माझं काय चाललं होतं म्हणाल, तर मी पहारा करत होतो. मशीनच्या खोलीत चप्पल चालत नाही, धूळ चालत नाही, ज्वारीचा फुफाटा तर विषच. वीज गेली की ट्रकच्या बॅटऱ्यांवर मशीन चालवायचं, उन्हाळ्यात खिडकीला ओलं पोतं लावायचं. कुठं वायर उंदरानं खाल्ली की पत्र्यावर चढायचं. रात्रंदिवस बोलायला कोणी नाही. एखादा अवघड गुंता सोडवला की आनंदानं उड्या मारत कुणाला तरी सांगावंसं वाटे. एकदा न्हाव्याला सांगितला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'मिशी ठेवायची का काढायची?' हैदराबादच्या मित्रांची पत्रं येत होती, ती कमी कमी होत थांबली. माझ्या पडद्यावर एक हुकूम दिला की मशीनवर कोण कोण बसलंय त्यांची नावं येतात. मी, काका, बापूराव. दिवसातून कितीदा तरी तो हुकूम द्यायचो, काम नसताना. एकटेपणा असा असतो, तो मी नाकारत नाही.

मग नामांतराचा निकाल लागायचे दिवस आले. गावात पोलीस, गाड्या बंद, रोज नवी अफवा. कुणी ना कुणी बंद पुकारलेला. मोंढा शटर ओढून गप्प. पण आडतवाला शटरच्या आत रिकामा बसत नाही. दोन्ही भाऊ दुकानाच्या माडीवरच राहत, त्यामुळं दोघंही पडद्यापुढं बसून मागची कामं उरकत होते. मशीन इतकं हळू झालं होतं की मी एक अक्षर दाबून चहाचा घोट घेत होतो. काकू बोरीला अडकलेल्या, मुनीम, हमाल कुणी आलेलं नाही. काका एकटे.

दुपारची वेळ. गच्चीवर पत्रा वाजला. बघतो तर बापूराव. गल्लीत पोलिसांनी हटकलं म्हणून पत्र्यांवरून आलेले, धोतर खोचून, घामाघूम.

'साहेब, मशीन एकदम पळाया लागलंय.'

'काका जेवायला उठले असतील.'

'बघा तुमी.'

हुकूम दिला. काकांचं नाव होतं. म्हणजे खातं उघडं. पण शेवटचं बटण दाबून बराच वेळ झालेला. काका पडद्यावरून उठताना खातं बंद केल्याशिवाय कधी उठत नसत. पाणी प्यायला उठले तरी बंद करत, म्हणजे कुणी डोकावू नये. कुणी म्हणजे कोण, ते आम्हां दोघांनाही माहीत होतं.

'उघडंच सोडलंय?' बापूरावांनी विचारलं.

मी मान हलवली. फोन फिरवला. तिकडं घंटी वाजत राहिली. इथपर्यंत ऐकू येत नव्हती, पण बापूराव कान देऊन मागच्या गल्लीकडं बघत होते. मग ते गच्चीवर चढले आणि वायर धरून निघाले. मी मागून. पत्रे तापलेले, खालून पोलिसाची शिट्टी. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. वाटणीनंतर त्या घरात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. माडीचं दार आतून लावलेलं. दोन लाथांत त्यांनी ते पाडलं.

जिना उतरून बघतो, तर काका दुकानात पडद्यासमोरच्या खुर्चीजवळ जमिनीवर होते. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मेल्यासारखा. डोळे उघडे होते.

'अण्णा! अण्णा, मी बापू हाय. बापू आलाय अण्णा!'

काकांनी ओळखलं. डोळ्यांतून धार लागली. ओठ हलले, ब, ब, असं काहीतरी आलं, आणि पुढं काही आलं नाही. बापूरावांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी पुढं धावलो. शटर उचललं, समोरच्या हवालदाराला हात जोडले. भला माणूस, एक शब्द न विचारता गाडी आणली. नांदेडला नेलं. जीव वाचला, वाचा गेली.

उन्हाळा लागेपर्यंत काका होते. बापूरावांनी त्यांना आपल्या घरी आणलं. खाऊ घालणं, अंग पुसणं, सगळं स्वतःच्या हातानं, बायकोलाही करू दिलं नाही. आणि बोलायचे. तासन्‌तास बोलायचे. मोंढ्याचे भाव, ताडकळसची शेती, लहानपणीचं काहीबाही, आणि ते भांडणही, पहिल्यापासून. काका ऐकायचे, डोळ्यांनी हो-नाही करायचे. 'हाक मारा की एकदा, अण्णा,' असं एकदा बापूराव म्हणताना मी दारात उभा होतो. मी तसाच परत फिरलो. ती हाक काही त्यांच्या नशिबी नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी दुकान बापूरावांच्या हवाली केलं. दोन दुकानांचं एक झालं. मी मधली भिंत पाडली, काकांचं खातं बंद केलं, मशीन सगळं बापूरावांना जोडून दिलं. त्या दिवशी माझ्या पडद्यावर दोनच नावं आली. मी पडदा बंद केला आणि बाहेर अंगणात जाऊन बसलो.

थोड्या दिवसांनी बापूरावांनी दुकानात बोलावून घेतलं.

'साहेब, पट्ट्या लय पटापट निघायल्यात.'

'आता सगळं मशीन तुमचंच आहे ना.'

'व्हय.' त्यांनी एक बटण दाबून दाखवलं. 'दाबलं की हजर. दाबलं की हजर. बघवंना हो. कुणीच न्हाई तिकडं, असं त्ये सारखं सांगायलंय मला.' मग माझ्याकडं न बघता म्हणाले, 'अण्णाचं खातं परत उघडता येतंय का? त्येंच्या नावानं कायतरी चालू ठेवा. काहीबी. बेरजा म्हणा.'

'मशीन हळू होईल, बापूराव.'

'होऊ द्या.'

शिकलेला इंजिनिअर मी. मशीन जलद कसं करायचं एवढंच शिकलो होतो. घरी आलो, काकांचं खातं उघडलं, आणि एक छोटासा प्रोग्रॅम लिहून त्यांच्या नावानं सोडला. तो आकडे घ्यायचा, बेरीज करायचा, टाकून द्यायचा, पुन्हा घ्यायचा. कुणाच्या कामाचा नव्हता. आयुष्यात बरीच कामं केली, पण एवढं मन लावून दुसरं कुठलं केल्याचं आठवत नाही.

परत दुकानात गेलो तेव्हा दारात एक शेतकरी उभा होता. बापूरावांनी त्याच्या तुरीचे आकडे घातले आणि बटण दाबलं. पट्टी निघेना. शेतकरी चुळबुळला, म्हणाला, 'मालक, गाडी सोडायचीय.' बापूरावांनी त्याला हातानं थांबवलं. पडदा रेंगाळत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवला होता.

'होऊ द्या अण्णा तुमचं आधी,' ते पडद्याला हळूच म्हणाले. 'मला काय घाई न्हाई.'